गाडी गेली, जत्रा आली

घरातले कर्ते माणूस गेले की त्याच्या खोलीचे काय करावयाचे, हा प्रश्न काही महिने कोणी तोंडावर आणीत नाही. खोली तशीच राहते. मग कोणी हळूच तेथे जादा गाद्या रचतो, कोणी शिवणयंत्र सरकवतो, पावसाळ्यात दोरी बांधून ओले कपडे वाळत पडतात, आणि एके दिवशी ध्यानात येते की घरातली सर्वांत मोठी, सर्वांत उजेडाची खोली अडगळीची झाली आहे. शहरांचेही थेट असेच होते. फरक इतकाच की शहरांच्या या खोल्या दोनदोनशे फूट रुंदीच्या असतात, आणि त्यांतील अडगळ सबंध गावाला दिसत राहते.

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या ऐन मध्यभागी अशी एक खोली होती. तिचे नाव सेंट्रल स्टेशन. ५ मे १९६९ पासून तेथील गाड्या बंद झाल्या, आणि पुढे कित्येक वर्षे त्या भव्य छपराखाली मोटारी उभ्या करण्याचा धंदा चालला. आज तेथे प्रदर्शने भरतात, परिषदा भरतात, गाण्याचे जलसे होतात. राज्यकर्त्या पक्षांची अधिवेशनेही होतात. मोटारतळापासून प्रदर्शनगृहापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, त्यात शहराने काय कमावले आणि कोणाच्या पदरात काय पडले नाही, हे जाणून घेण्यासारखे आहे. आपल्याला तर विशेषच. कारण बंद पडलेल्या मोठ्या इमारतींचे काय करावे, हा प्रश्न मुंबईकराच्या दारात गेली चाळीस वर्षे ठाण मांडून बसला आहे.

मँचेस्टर हे नाव मराठी घरात आदराने घेतले जाण्याचे काही कारण नव्हते. तेथल्या गिरण्यांचे कापड बोटीत भरून आपल्याकडे यावे, आणि आपल्या विणकऱ्याच्या मागाला कोळिष्टके धरावीत, असा तो व्यवहार. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापड वाहून नेणाऱ्या मालमोटारीपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडून मेला. तो स्वतः गिरणीकामगार होता, हे विसरता कामा नये. आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९३१ च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लँकेशायरमधील गिरणी कामगारांना भेटावयास गेले. ज्यांच्या पोटावर आपल्या बहिष्काराने पाय आला त्यांच्या घरी जाऊन बसावे, हे त्यांनाच सुचावे! डार्वेन गावच्या कामगार बायकांच्या घोळक्यात हसत उभे असलेले गांधीजी त्या वेळच्या छायाचित्रात दिसतात.

कापड आणि आगगाडी यांवर मँचेस्टर उभे होते. जगातील पहिली दोन शहरांमधली वाफेची उतारू रेल्वे १८३० साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामध्येच धावली. सेंट्रल स्टेशन हे त्या मानाने पुष्कळच उशिराचे. ते १८८० च्या जुलैत सुरू झाले. परंतु त्याचे छप्पर पाहावे! एकच कमान, खाली एकही खांब नाही. रुंदी २१० फूट, उंची ९० फूट, लांबी ५५० फूट. ब्रिटनमध्ये अशा बिनखांबी लोखंडी कमानीत लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाखालोखाल हिचाच नंबर लागतो. रूळ शहरात शिरत ते उंच पुलांवरून, म्हणून फलाटही उंचावर. आणि फलाटांच्या खाली विटांच्या कमानींचे भले मोठे तळघर. वर उतारू आणि वाफ, खाली माल, असा दुमजली संसार. स्टेशनासमोर मिडलंड रेल्वे कंपनीने १९०३ साली एक टोलेजंग हॉटेल बांधले. १९०४ च्या मे महिन्यात याच हॉटेलात चार्ल्स रोल्स नावाचा मोटारींचा विक्रेता हेन्री रॉइस नावाच्या यंत्रज्ञाला भेटला, आणि त्या भेटीतून निघालेल्या मोटारीत पुढे आपले राजेमहाराजे मिरवले. असो.

पुढची कहाणी उतरणीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. ज्या रॉयल एक्स्चेंजमध्ये एके काळी सुताचे आणि कापडाचे सौदे होत, तेथील व्यापार १९६८ च्या अखेरीस थांबला. अखेरच्या दिवसाचे भाव दाखविणारा फलक आजही तेथे तसाच उंच टांगलेला आहे आणि त्याच्या खाली नाटके होतात. आणि एक्स्चेंज बंद झाल्यानंतर सहा महिने उलटण्यापूर्वीच सेंट्रल स्टेशनचेही दार लागले. इंग्लंडात त्या सुमारास तोट्याचे मार्ग बंद करण्याचा सपाटा चालू होता. सेंट्रलवरून सुटणाऱ्या गाड्या शहरातील दुसऱ्या स्टेशनांवर वळवल्या गेल्या आणि एवढे मोठे छप्पर पोरके झाले.

मग तेथे मोटारी आल्या. गैरसमज नसावा; मोटारतळ हा फायद्याचा धंदा आहे. पहारेकरी एक, तिकीटवाला एक, दुरुस्तीचे नाव नको. इमारत गळते तर गळू द्यावी, काचा फुटतात तर फुटू द्याव्यात. मोटारीला थोडा पाऊस लागला म्हणून तिला पडसे होत नाही. अशा रीतीने कोणी घण न घालता इमारती मरतात. छप्पर वाचले त्याचे एक कारण असे की स्टेशन चालू असतानाच, १९६३ साली, ते जतन करावयाच्या वास्तूंच्या सरकारी यादीत घातले गेले होते. लंडनमधील युस्टन स्टेशनची प्रख्यात दगडी कमान त्यापूर्वीच, १९६१-६२ मध्ये, लोकांचा विरोध डावलून पाडण्यात आली होती, आणि त्या पाडापाडीचा चटका अनेकांच्या मनाला लागला होता. कागदावरची एक नोंद काय करू शकते याचा हा नमुना. आपल्याकडे अशा याद्यांना नाक मुरडण्याची रीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

१९७८ साली ग्रेटर मँचेस्टर कौन्सिलने ही वास्तू विकत घेतली, आणि १९८२ साली एका विमा कंपनीला भागीदार करून तिचे प्रदर्शनगृहात रूपांतर करण्याचे काम सुरू झाले. १९८२ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी मँचेस्टरची बोटींची गोदी बंद झाली. आदल्या वर्षीच्या जुलैत शहरालगतच्या मॉस साइड भागात बेकार तरुणांचा संताप उफाळून दंगल झाली होती. आणि त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला इकडे मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. मँचेस्टरच्या गिरण्यांशी टक्कर देण्यासाठी १८५० नंतरच्या दशकात जे गिरणगाव उभे राहू लागले, त्याची अखेर सुरू झाली त्याच वर्षी मँचेस्टर आपल्या मोडक्या छपराखाली नवी चूल मांडीत होते.

१९८६ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. ‘ग्रेटर मँचेस्टर एक्झिबिशन सेंटर’ या लांबलचक नावाचे लोकांनी लगेच ‘जीमेक्स’ केले. गंमत अशी की ज्या कौन्सिलने एवढा खटाटोप केला ते कौन्सिलच १९८६ च्या मार्चअखेर सरकारने बरखास्त केले! लावणाऱ्याने आंबा लावावा आणि फळ धरण्याच्या सुमारास घर सोडावे, तसे झाले. इमारत मात्र राहिली.

आता कोणी विचारील, की स्टेशनाचे प्रदर्शनगृहच का? रुग्णालय का नाही, शाळा का नाही? याचे उत्तर त्या कमानीतच आहे. प्रदर्शनाला हवी असते सलग, बिनखांबी जागा. आज यंत्रांचे गाळे, उद्या फर्निचरचे, परवा खुर्च्यांच्या रांगा. वाफेच्या इंजिनांचा धूर वर जावा आणि रूळ हवे तसे फिरवता यावेत म्हणून ज्या इंजिनियरांनी दहा हजार चौरस मीटरच्या आसपासची जागा खांबांवाचून झाकली, त्यांनी नकळत शंभर वर्षांनंतरच्या बाजाराची सोय करून ठेवली होती. इमारतीचा स्वभाव ओळखून तिला काम द्यावे, हे यातले खरे शहाणपण. पाहुण्यांच्या खोलीत न्हाणीघर करावयाचे आणि न्हाणीघरात देवघर, असे काही त्यांनी केले नाही.

प्रदर्शनगृहाचे अर्थकारण समजून घ्यावयाचे असेल तर आपल्या पेठेतील मंगल कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. कार्यालयाच्या मालकाला भाडे मिळते, ते ठीकच. परंतु खरा पैसा त्याच्या भिंतीबाहेर फिरतो. फुलवाला, आचारी, बँडवाला, सराफ, शिंपी, टांगेवाला होता तोवर टांगेवाला आणि आता टॅक्सीवाला, बाहेरगावचे वऱ्हाड उतरते ते लॉज. या सगळ्यांची चूल त्या एका मुहूर्तावर पेटते. आणि चातुर्मासात? तेव्हा कार्यालयाला कुलूप असते, पण दिवाबत्ती आणि झाडलोट चुकत नाही. प्रदर्शनगृहाचेही तसेच. नुसत्या भाड्यातून त्याचा भांडवली खर्च भरून निघेल अशी आशा शहाणा नगरपिता धरीत नाही. तो मोजतो हॉटेलात भरलेल्या खाटा. घरगुती वस्तूंचे प्रदर्शन पाहावयास येणारे कुटुंब संध्याकाळी चहा पिऊन घरी जाते. परंतु डॉक्टरांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या परिषदेला आलेला पाहुणा तीन रात्री राहतो, जेवतो, नाटक पाहतो, आणि बायकोसाठी काहीतरी घेऊन जातो. म्हणून अशी केंद्रे हळूहळू प्रदर्शनांकडून परिषदांकडे झुकतात. मँचेस्टरातही २००१ साली जीमेक्सच्या शेजारी परिषदांसाठी वेगळी इमारत बांधण्यात आली, आणि २००७ पासून सगळ्या संकुलाने ‘मँचेस्टर सेंट्रल’ हे नाव घेतले. जुने नाव फिरून आले म्हणावयाचे.

सभोवारचा पालट पाहण्यासारखा होता. १९९२ साली शहरात पुन्हा ट्राम आली, आणि सेंट्रल स्टेशनात शिरणाऱ्या आगगाड्यांसाठी बांधलेल्या उंच पुलावरूनच ती धावू लागली; दारातल्या थांब्याचे नावही बरीच वर्षे ‘जीमेक्स’ असेच होते. रस्त्यापलीकडे १९९६ साली ब्रिजवॉटर हॉल हे संगीतगृह उघडले. त्यात जो हॅले वाद्यवृंद वाजतो त्याचा उगम १८५७ च्या मँचेस्टरमधील कलाप्रदर्शनात आहे. तेरा लाख लोकांनी पाहिलेल्या त्या प्रदर्शनासाठी वादक जमविले ते पुढे विखरू नयेत म्हणून चार्ल्स हॅलेने हा वृंद कायमचा केला. म्हणजे प्रदर्शनाने शहराला काहीतरी देऊन जावे, ही तेथली जुनीच चाल. जवळचे रेल्वेचे अवाढव्य मालगोदाम १९९९ च्या सुमारास सिनेमागृहे व दुकाने यांनी भरले. २००६ साली थोड्या अंतरावर १६९ मीटर उंचीचा बीथम टॉवर उभा राहिला.

हे सारे एका प्रदर्शनगृहाने केले असे सांगणारे लेख आणि भाषणे पुष्कळ होतात. ते मानावयास प्रस्तुत लेखक तयार नाही. १५ जून १९९६ रोजी आयरिश क्रांतिकारकांनी शहराच्या व्यापारी पेठेत प्रचंड बाँबस्फोट केला. आधी इशारा मिळाल्यामुळे जीवितहानी टळली, दोनशेहून अधिक लोक जखमी झाले, आणि उद्ध्वस्त पेठ नव्याने बांधावी लागली. सरकारचा पैसा आला तो मोठ्या प्रमाणात त्या निमित्ताने. २००२ साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. भारताने एकूण ६९ पदके मिळविली त्याच या स्पर्धा, आणि त्यांतील काही सामने याच छपराखाली झाले. त्याही निमित्ताने शहरात बांधकाम झाले. विद्यापीठे होती, फुटबॉल होता, जलसे होते. प्रदर्शनगृहाला श्रेय द्यावयाचे ते वेगळे. ज्या वेळी या शहरात पैसा घालण्यास कोणी धजत नव्हते, त्या वेळी शहराने स्वतःच्या सर्वांत पडक्या कोपऱ्यात प्रथम पैसा घातला. गल्लीत पहिला दिवा कोणी लावला याला महत्त्व असते. दिव्याचा उजेड किती पडला हा नंतरचा हिशेब.

तो हिशेबही मांडला पाहिजे. प्रदर्शनगृहापासून पायी थोड्या वेळात ह्यूम हा वस्तीचा भाग लागतो. तेथे १९७० च्या सुमारास बांधलेल्या अर्धचंद्राकृती सरकारी चाळी इतक्या लवकर नासल्या की १९९० नंतरच्या दशकात त्या पाडून टाकाव्या लागल्या. अशा वस्तीतील माणसाला प्रदर्शनगृहाने काय दिले? गाळे उभारण्याचे काम, खानावळीतील वाढप्याचे काम, झाडलोट, पहारा. काम आहे हे खरे; पण ते मुहूर्ताचे काम. गिरणीतील मागावर बसलेल्या बाईला दर आठवड्याला जो पगार ठरलेला असे, आणि कामगार संघटनेमुळे जी पाठ टेकावयास जागा असे, ती येथे नाही. शहराच्या मध्यभागी जेथे रात्री चिटपाखरू नसे तेथे आज हजारो लोक राहतात, पण ती घरे उंच मनोऱ्यांतील आणि उंच भाड्याची. गाव नांदते झाले हे खरेच. कोणाचे नांदते झाले, हे भाड्याच्या पावत्या पाहून कळते.

या ठिकाणी आपल्या गिरणगावाची आठवण टाळता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक चांगली वाटणी सांगितली होती: एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी शहराला, एक हिस्सा सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी लागू राहिली ती फक्त गिरणीच्या आवारातील आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला. इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. लालबाग-परळच्या माणसाला पुढचे सांगावयास नको. कोठे धुरांडे तेवढे शोभेला उभे राहिले, भोवती काचेचे मनोरे आले. मँचेस्टरचे स्टेशन आणि आपल्या गिरण्या यांत मोठा फरक आहे, हे कबूल. तेथे एक छप्पर होते, येथे पाचपन्नास गिरण्या आणि सुमारे सहाशे एकर जमीन. पण तेथे पहिले पाऊल म्हणून वास्तू सार्वजनिक मालकीची करण्यात आली आणि मगच भागीदार शोधण्यात आला. आपल्याकडे क्रम उलटा लागला.

तसे पाहिले तर कारखान्याचे प्रदर्शनगृह करण्याचे उदाहरण मुंबईतही आहे. गोरेगावला द्रुतगती महामार्गालगत जे प्रदर्शन केंद्र आहे, जेथे यंत्रांपासून दागिन्यांपर्यंत सर्व काही मांडले जाते आणि नवरात्रात गरबा खेळला जातो, ते एका अभियांत्रिकी कारखान्याच्या आवारात वाढलेले आहे. आणि दिल्लीची गोष्ट याहून निराळी. प्रगती मैदानावर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय मेळ्यासाठी वास्तुकार राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे बिनखांबी दालन बांधले होते. पोलाद महाग म्हणून काँक्रीट वापरले, आणि मजुरांनी ते बव्हंशी हातांनी घडवले. जगभरचे जाणकार ते पाहावयास येत. २०१७ च्या एप्रिलात ते एका रात्रीत पाडण्यात आले; कशासाठी, तर नव्या प्रदर्शन संकुलासाठी! तेथे २०२३ साली ‘भारत मंडपम्’ उघडले आणि जी-२० ची शिखर परिषद झाली. नवे संकुल भव्य आहे, सोयीचे आहे. पण प्रदर्शनगृहासाठी प्रदर्शनगृह पाडावे, हा हिशेब मँचेस्टरकराला समजावून सांगताना आपली तारांबळ उडेल.

अशा मोठ्या मोकळ्या दालनांचा आणखी एक उपयोग २०२० साली सर्वांच्या अनुभवास आला. कोविडच्या साथीत मँचेस्टर सेंट्रलमध्ये काही दिवसांत शेकडो खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. त्याच सुमारास गोरेगावच्या दालनांतही खाटा लागल्या. ज्या जमिनीवर आदल्या वर्षी गाळ्यांच्या रेषा आखल्या होत्या तेथे प्राणवायूच्या नळ्या आल्या. बाजार भरविण्यासाठी राखलेली रिकामी जागा ही अडचणीच्या दिवशी शहराची ओसरी होते, हे कोणत्याही नफातोटापत्रकात लिहिलेले नसते.

त्या जागेला त्याहूनही जुना इतिहास आहे. स्टेशन होण्यापूर्वी या परिसरात सेंट पीटर्स फील्ड नावाचे मैदान होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मतदानाचा हक्क मागण्यासाठी तेथे साठ हजारांच्या आसपास माणसे जमली. बायकामुले सणाचे कपडे घालून आली होती. घोडेस्वार तलवारी उपसून त्या गर्दीत घुसले. अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. वॉटर्लूची लढाई ताजी होती, म्हणून लोकांनी या कत्तलीला उपरोधाने ‘पीटरलू’ म्हटले. दोनशे वर्षांनी, २०१९ साली, प्रदर्शनगृहाच्या समोरच मृतांची नावे कोरलेला गोल पायऱ्यांचा चौथरा उभारण्यात आला. त्यावरही वाद झालाच, कारण अपंगांना त्या पायऱ्या चढता येत नाहीत आणि समान हक्कांच्या स्मारकावरच ही अडचण असावी हे अनेकांना रुचले नाही.

त्या चौथऱ्यापासून हाकेच्या अंतरावर ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान ऋषी सुनक आपल्या पक्षाच्या अधिवेशनात भाषणास उभे राहिले. जाहीर झाले ते असे, की लंडनहून उत्तरेकडे यावयाचा नवा द्रुतगती लोहमार्ग बर्मिंगहॅमच्या पुढे मँचेस्टरपर्यंत येणार नाही, बेत रद्द. ज्या छपराखाली एके काळी लंडनच्या गाड्या लागत, त्याच छपराखाली हे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. दालनात मात्र नेहमीप्रमाणे अधिवेशनाच्या खुर्च्या उचलण्याचे आणि पुढच्या कार्यासाठी जमीन मोकळी करण्याचे काम सुरू झाले.